भिकोबा तेल्याचं फुलेल

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असं मी शपथेवर सांगणार नाही. लहानपणी ऐकली, आणि पुढे इतकी पुस्तकं वाचली की ऐकलेलं किती आणि मनानं जोडलेलं किती, हे आता माझं मलाच कळत नाही. बकुळीच्या जागी कुणी मोगरा म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. पण बकुळच असावी.

नदीवर पूल यायच्या कितीतरी आधी सांजवळे गावात भिकोबा नावाचा तेली राहत होता. त्याची बायको चांगुणा. बैल घाण्याभोवती फिरे आणि ही दोघं एकमेकांभोवती, असं म्हणतात. चांगुणा रोज पहाटे देवळामागच्या बकुळीखाली जाई, ओटीभर फुलं वेची आणि गजरा करून अंबाड्यात माळी. केस पांढरे झाले तरी गजरा चुकला नाही.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. चांगुणा वाचली, पण उठली ती वेगळीच. संध्याकाळी भिकोबा घरी आला, तर तिनं पदर सावरून दार अडवलं.

"कोण तुम्ही? घरात माणूस नाही. आमचे मालक घाण्यावरून आले, की मग या."

"अगं, मीच की तो!"

"तोंड सांभाळा. त्यांच्या कानावर घातलं, तर तुमचीच पेंड करतील."

भिकोबा घाण्याच्या छपरात निजू लागला. वैद्य झाले, देवऋषी झाले, चांगुणा त्याला घरात घेईना. शेवटी त्याला वाटलं, डोळे विसरले तरी नाक विसरत नसेल. त्यानं तीळ पसरले आणि त्यांवर बकुळ अंथरली. रोज सकाळी कोमेजलेली फुलं चाळून काढायची, ताजी घालायची. तिळात वास मुरतो, मग तीळ गाळले की फुलेल तेल निघतं.

शेजारची कोंडाबाई कुंपणावरून म्हणाली, "काय भिकोबा, म्हातारपणी दुसरं लगीन करतोस का काय?"

"दुसरं कुठलं! पहिल्याच बायकोला मागणी घालतोय."

तेल गाळण्याआधी त्यानं घाणा राखेनं घासला, कढत पाण्यानं धुतला. फुलेलाला जुन्या तेलाचा वास लागू नये म्हणून चांगला तेली असंच करतो. तेल निघालं ते नुसतं बकुळीचं. चांगुणेनं हुंगलं.

"छान आहे. कुणाच्या लग्नाचं?" म्हणाली, आणि दार लावलं.

भिकोबानं पुन्हा तीळ पसरले. बकुळीचा बहर सरत आला होता, तो स्वतःही थकला होता. या खेपेला दुःखाच्या भरात तो घाणा धुवायचाच विसरला. धार लागली तेव्हा लक्षात आलं, आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. बकुळीच्या वासाखाली पेंडीचा, लाकडाचा, बैलाच्या घामाचा वास दडून आला होता. तेल टाकून द्यावं असं मनात आलं, पण झाडावर आता फुलं नव्हती. तेच तळहाताला चोळून तो दाराशी उभा राहिला.

चांगुणा "कोण तुम्ही?" विचारायला आली आणि थांबली. तिनं त्याचा हात नाकाशी धरला.

"आलात? किती उशीर! भाकरी गार झाली की."

ते फुलेल इतकं हळवं होतं, की बाटलीला नाक लावलं तर काही येत नसे. आपलं माणूस उंबऱ्याशी आलं की मगच ते दरवळे, असं म्हणतात. देवळामागची बकुळ त्यानंतर बारा महिने फुलू लागली, असंही म्हणतात. हे मला जरा जास्तच वाटतं. पण बंद बाटलीला माणूस आल्याचं कसं कळत असेल, हे कोडं मला या वयातही सुटलेलं नाही.

सांजवळ्यात आजही लग्नाच्या वरातीनंतर नवरीला आधी घरात घेतात. नवरा तळहाताला फुलेल लावून बाहेर उभा राहतो. नवरी "कोण तुम्ही?" विचारते. त्यानं नाव सांगायचं नाही, नुसता हात पुढे करायचा. त्या तेलासाठी घाणा धूत नाहीत.

चांगुणा त्या दिवशी बरी झाली, असं गाव सांगतं. मीही तसंच समजत होतो. पुष्कळ वर्षांनी मी तिथं गेलो, तेव्हा भिकोबाच्या वंशातल्या सखुबाई भेटल्या.

"बरी कुठली व्हायची, गुरुजी!" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पुन्हा दार अडवलंच की. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारी जगली तोवर म्हातारा रोज संध्याकाळी हाताला तेल चोळून दाराबाहेर उभा राहायचा."