सरपंच फुगला की रंभाजी पळतो

गेनबाची फजिती गेनबाच्याच तोंडून ऐकायची हौस मेल्यांना. वरण सांडलं ते गेनबाच्या धोतरावर, आणि दात काढणार तुम्ही. किती वेळा सांगून झालं. घ्या, अजून एकदा. मध्येच कुणी खोकलं तर गेनबा उठून जाईल.

“पण फोटोतला रंभाजी पळतो कशानं?” केशवगीर महाराजांनी विचारलं.

यशोधन लॅपटॉपवर बटणं दाबत राहिला.

हा यशोधन महाराजांचा नवा शिष्य. पुण्याला लई शिकून आलेला, आणि शिकलेलं खाली ठेवायला तयार नसलेला. भंडाऱ्याच्या आधी त्यानं मठाची वेबसाइट करायला घेतली होती. मठासाठी राबलेल्या माणसांचे बारके बारके फोटो ओळीनं लावलेले. माऊसचा बाण फोटोवर नेला की फोटो मोठा व्हायचा.

लॅपटॉपसमोर कोंडाबाई बसली होती. तिचा नवरा रंभाजी मठाचा आचारी. मागच्या पावसाळ्यात गेला. त्याचा दुसरा फोटो कुणाकडंच नव्हता. तिला तो एकदा मोठा बघायचा होता. दुसरं काही नको होतं बाईला.

गेनबा तिच्या मागं उभा. रंभाजीच्या हातचं खाऊन त्याची हयात गेलेली.

कोंडाबाईनं बाण सरकवला. वाटेत सरपंचाचा फोटो लागला. बाण टेकला तसा सरपंच टम्म फुगला आणि शेजारचा रंभाजी ढकलला गेला खालच्या ओळीत. ती बाण घेऊन खाली गेली, तर सरपंच आवळला, रंभाजी परत वर.

“पळाले,” कोंडाबाई म्हणाली. “जित्तेपणीबी असंच. मी हाक मारली की हे मागच्या दारानं.”

“आजी, तुमचा हात थरथरतो,” यशोधन म्हणाला. “सरका जरा.”

त्यानं बाण खालून नेला, नीट रंभाजीवर.

रंभाजी ओळीच्या टोकाला. मोठा झाला, ओळीत मावेना, खाली पडला. खाली पडला तसा बाण सुटला. बाण सुटला तसा बारका होऊन वर आला. वर आला तो बाणाखालीच. पुन्हा मोठा, पुन्हा खाली...

कढईत लाही उडावी तसा रंभाजी उडायला लागला.

“आता कुणाचा हात थरथरतोय?” गेनबानं विचारलं.

“बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही.”

“डोळे आहेत मला.”

“राहू दे लेकरा,” कोंडाबाई म्हणाली. “नसतील यायचे.” आणि तिनं माऊस हळूच बाजूला ठेवला.

ते बघून यशोधन जरा गडबडला. “फोटो लांब लांब लावतो, महाराज. मध्ये मोकळी जागा सोडतो.”

“आपला ओटा केवढा?”

“कसला ओटा?”

“जेवायला चला,” महाराज म्हणाले.

मठाचा ओटा अरुंद, जेवणारे फार. मांडीला मांडी लावून बसायचं. आणि पान वाढलं की जेवण होईस्तोवर कुणी उठायचं नाही, ही तिथली रीत. गेनबा टोकाला बसतो. कायमच. त्याच्या पलीकडं ओटा संपतो.

वरण वाढून झालं. महाराज यशोधनसमोर थांबले. तो पंगतीच्या मधोमध.

“मोठा हो.”

“म्हणजे?”

“दिसला पाहिजेस. मोठा हो.”

यशोधननं मांड्या फाकवल्या. कोपरं बाहेर काढली. छाती फुगवली. शेजारचा सरकला. त्याचा शेजारी सरकला. ओळच्या ओळ सरकत गेली...

गेनबा ओट्याखाली गेला. पत्रावळ त्याच्यावर. वरण गरम होतं, हे कुणी विचारलं नाही, पण होतं.

पंगत हसली. कोंडाबाईसुद्धा हसली.

गेनबा वर चढून बसला. दुसरी पत्रावळ आली. महाराज अजून तिथंच उभे.

“परत मोठा हो. जागा तेवढीच.”

“जागा तेवढीच? मग मोठा कसा होऊ?”

महाराजांनी शेजाऱ्याला मीठ वाढलं.

“उठू का?”

“पंगतीत उठतात?”

यशोधन पानाकडं बघत बसला. वरणावर साय धरली... मग त्यानं मांड्या आवळल्या. कोपरं पोटाशी घेतली. आणि पाठ झटक्यात ताठ केली.

शेजारी दचकला.

“हळू,” महाराज म्हणाले. “माणसं जेवतात.”

तो पुन्हा वाकला. मग हळू, अगदी हळू, ताठ होत गेला. मान वर काढली. जरासा पुढं झुकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दिसला. त्याची सावली शेजाऱ्याच्या पानावर पडली. पान हललं नाही. शेजारी जेवत राहिला.

“जागा... तशीच ठेवायची,” यशोधन पुटपुटला. “फक्त चित्र वर उचलायचं. शेजाऱ्यावर आलं तरी चालेल. शेजारी हलता कामा नये.”

“भात घे,” महाराज म्हणाले.

जेवणं आटोपल्यावर तो हात पुसायलाही थांबला नाही. लॅपटॉपवर बराच वेळ खुडबुड केली. मग कोंडाबाईला बोलावलं आणि माऊस तिच्याच हातात दिला.

बाण सरपंचावर गेला. सरपंच फुगला, हळूहळू. रंभाजीचा खांदा जरा झाकला, पण रंभाजी जागच्या जागी. बाण पुढं गेला. सरपंच बसला.

मग रंभाजी आला. सावकाश मोठा होत. हातात झारा, कपाळाला घाम.



“मिशीला पीठ लागलंय,” कोंडाबाई म्हणाली. तिनं काचेवर बोट नेलं, पुसल्यासारखं केलं. “कधी पुसतील तर शपथ.”

यशोधननं खाली बसून तिच्या पायांना हात लावला. “आजी, हात तुमचा नव्हता थरथरत. चुकलं माझं.”

“असू दे रे. किती छान धरून ठेवलंस त्यांना.”

गेनबा खाकरला. कुणी बघितलं नाही. परत खाकरला.

“काय रे गेनबा?” महाराज म्हणाले.

“माझं काय? मला ओट्याखाली घातलं त्याचं?”

“यशोधननं घातलं?”

“मग कुणी?”

“त्याला मोठा हो कोण म्हणालं?”

गेनबानं धोतराचा सोगा पिळला. धोतर अजून ओलं होतं...

“तुम्ही.”

“मग माफी कुणी मागायची?”

“तुम्ही मागायची, महाराज. मागा.”

महाराज गालातल्या गालात हसले.

“केशवगीर मागणार नाही, गेनबा. माफी मिळाली की तू फुगशील. आणि बसतोस तू टोकाला.”