न मारलेला फटका

“नाना, माझ्या हातांना काय झालंय?”

सन २००९. मार्गशीर्ष महिना, डिसेंबरचा पहिला आठवडा. गवतावरचं दव वाळलं नव्हतं.

विचारणारा आल्दो मारेंगी, इटलीचा व्यावसायिक गोल्फर. ज्यांना विचारलं ते नाना पाचारणे, आमच्या छावणीच्या मैदानावरचे सगळ्यांत जुने कॅडी, खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणारे. मीही तिथं कॅडी होतो. होलमधला, म्हणजे चेंडू पाडायच्या भोकातला झेंडा धरून उभा होतो.

नाना वाळूवरून पोतं ओढत होते. आमच्या होलभोवती हिरवळ नाही. तेवढं पाणी कुठलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून तेल घातलेली वाळू असते. खेळणारा गेला की त्याची पावलं पुसावी लागतात.

नाना पावलं पुसत राहिले.

आल्दोचा बाप इथल्या कारखान्यात इंजिनिअर होता. वयाची नऊ ते अठरा, ही वर्षं पोरगा नानांच्या हाताखाली शिकला. मराठी आमच्याकडून शिकला. शिव्या आधी, बाकीचं नंतर. आम्ही त्याला आल्दोबा म्हणायचो.

एक्क्याण्णव साली तो इटलीला गेला. पाच मोठ्या स्पर्धा जिंकला. त्याचा फोटो आम्ही पेपरातून कापून कॅडींच्या खोलीत लावला होता.

मग हात हलू लागले. लांबून चेंडू होलमध्ये जायचा. तीन फुटांवरून जाईना. त्यानं डॉक्टर केले, काठ्या बदलल्या, चार गुरू बदलले. मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना गेला. तो परत मिळवायला आठ दिवसांनी स्पेनमध्ये शेवटची परीक्षा होती. तिथं हुकला, तर मेव्हण्याच्या बुटांच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

मग फोन काढला. आपल्या खेळाची फिल्म नानांपुढं धरली.

“तो आत ठेव,” नाना म्हणाले. “तो खेळत नाही.”

त्यांनी तीस फुटांवर बोट दाखवलं. आल्दोनं तिथून मारला. चेंडू आत.

नानांनी तीन फुटांवर बोट दाखवलं. काठी धरलेले हात हलू लागले. चेंडू होलच्या कडेनं निघून गेला.

आल्दोचा चेहरा लाल झाला. मी पाच कप जिंकलेला माणूस आहे, असं काहीतरी तो बोलला. अर्धं त्याच्या भाषेत.

“पहिली मॅच कुणाकडून जिंकलास?”

“तुमच्याकडून. जायच्या आदल्या दिवशी. इथंच, अठराव्या होलवर.”

“कशी?”

त्या दिवशी या शेवटच्या होलला येईपर्यंत दोघं सारखे होते; इथं ज्याचे फटके कमी, तो जिंकणार होता. नाना पाच फटक्यांत आटोपले होते. आल्दोला चौथा मारायचा होता. चेंडू तीन फुटांवर होता.

“तुम्ही चेंडू उचललात. ‘दिला’ म्हणालात.”

आमच्या खेळात असं चालतं. फटका सोपा असला की समोरचा तो न मारताच सोडून देतो. धरायचं, की गेला आत.

“तेव्हाही तुझे हात हलत होते,” नाना म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी पाहिलं होतं.”

“मग दिलात का?”

नाना पोतं ओढत राहिले. होलच्या चारी बाजू सारख्या केल्या. मग खिशातून एक चेंडू काढला. जुना, पिवळा पडलेला. तीन फुटांवर ठेवला.

“मार.”

आल्दो माझ्याकडं पाहू लागला. मलाही काही समजलं नव्हतं.

“नाना, ती मॅच अठरा वर्षांपूर्वी संपली.”

“तुझी संपली.”

आल्दो उभा राहिला. वाकला. पुन्हा सरळ झाला. कपाळ पुसलं. हात इतके हलत होते की काठी चेंडूला नुसतीच घासत होती.

त्यानं मारला.

चेंडू होलच्या काठावरून फिरला आणि पलीकडं तीन फुटांवर जाऊन थांबला.

आल्दो काठी टाकून निघाला.

“कुठं निघालास? अजून आत गेला नाही.”

“हरलो ना मी.”

“मोजायला शीक, आल्दोबा. चार झाले.”

तो मागं फिरला. काठी उचलली. नीट उभाही राहिला नाही, चालता चालताच मारावं तसं मारलं. चेंडू आत पडल्याचा आवाज आला.

त्या वेळी त्याचे हात हलले का, ते मी पाहायला हवं होतं. मी चेंडूकडं पाहत होतो.

आल्दो आपल्या हातांकडं पाहत होता.

नाना होलपाशी गेले. खाली बसून चेंडू बाहेर काढला, वाळू झटकून खिशात टाकला. मग उठून पोतं हातात घेतलं.

“बरोबरी,” ते म्हणाले. “बाजूला हो. पावलं पुसायचीत.”