सावरीचा कापूस

त्या राज्यात आवाज रांजणातून ऐकण्याची रीत होती. दर अष्टमीला सकाळी बेडकी रांजणात उतरून गात असे आणि बाहेर बसलेले ससे त्या आवाजाचं वर्णन करत. खालचा सूर भरदार आहे की पोकळ, वरचा चमकतो की टोचतो, हे सशांनी सांगितलं म्हणजे मग प्रजेला आपण काय ऐकलं ते कळे. सर्वांत लांब कानांचा कानोजी पहिल्या शिळेवर बसे.

एका अष्टमीला डोंगरापलीकडून साळिंदर आलं. त्याला वर्णन करता येत नव्हतं. पण बेडकीने तान घेतली की त्याच्या पाठीवरचे काटे थरथरत उभे राहत. प्रजा शिळेकडे पाठ करून काटेच पाहू लागली.

"कानोजीराव," एक खार म्हणाली, "तुमचे कान कधी हलतात का हो?"

कानोजीचा जळफळाट झाला. बारा वर्षं तो कान ताठ धरून बसला होता. आता हे काटेरी जनावर त्याच्या शिळेवर बसणार!

दुसऱ्याच दिवशी त्याने जाहीर केलं की, काटे उठतात ते आवाजाला धार असते म्हणून. खानदानी आवाज गडद असतो, मखमली असतो. मग त्याने रांजणात पाटीभर सावरीचा कापूस ओतला. पुढच्या अष्टमीला निम्मेच काटे उठले. त्याने आणखी दोन पाट्या ओतवल्या.

"कानोजीराव, मी श्वास कुठून घेऊ?" आतून बेडकीने विचारलं.

"बाई, गळा तुमचा, चव आमची. एक काटा अजून हलतोय." त्याने उरलेली फटही बुजवली आणि वर झाकण ठेवलं.

त्या सकाळी एकही काटा हलला नाही. साळिंदर बावरून रांजणाभोवती फिरलं.

"मला काहीच ऐकू येत नाही," ते म्हणालं.

"येणारच नाही तुला!" कानोजीने समाधानाने डोळे मिटले. "काय ही खोली! काय हा ऊबदारपणा!"

ससे माना डोलावू लागले. प्रजा हळूहळू पुन्हा शिळेकडे वळली.

साळिंदराने झाकण ढकललं आणि दोन्ही पंजांनी कापूस उपसला. तळाशी बेडकी होती. तोंड उघडं आणि तोंडात कापूस. साळिंदराचे सगळे काटे एकदम उभे राहिले.

कानोजीचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आणि शेवटची ती जागा ऐकलीत?" तो म्हणत होता. "इतकी मऊ तिने कधीच घेतली नव्हती."