झुपकीच्या गोधडीचे टाके

चिंधी कधी टाकू नये. चिंधीला चिंधी भेटली की गोधडी होते. कशी होते? या, मांडीवर बसा. सांगतो.

एक होती खार. एवढीशी. नाव तिचं झुपकी. झुपकीची गोधडी ओढ्याकाठी वाळत होती. डुबुक. पाण्यात पडली. वाहत वाहत दूर गेली.

दुपार झाली. झाडं पेंगली. पानं पेंगली. झुपकीला मात्र झोप येईना.

मग तिने चिंध्या वेचल्या. दोन लाल, एक निळी, एक पिवळी. तुरुतुरु, तुरुतुरु, गेली ठकूमावशीकडे. ठकूमावशी गावभराच्या गोधड्या शिवायची.

"मावशी, मावशी, गोधडी शिवून दे."

मावशीने चिंध्या मांडल्या. "लालीशेजारी लाली नको. भांडतात मेल्या." वर लाल, मग निळी. खाली पिवळी, मग लाल. जोडल्या चारी.

"आता टाके कसे घालू?"

"माझ्या पाठीवर पट्टे आहेत ना, तसे. उभे. सरळ."

"घातले असते गं. पण दोरा संपला. चरखा फिरेल, तर मी शिवेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, झुपकी गेली चरख्याकडे.

"चरखेदादा, चरखेदादा, फिर ना.
मावशी शिवेना,
मला झोप येईना."

चरखा म्हणाला, "रिकामा फिरू? लोक हसतील. बोंड फुटेल, कापूस मिळेल, तर मी फिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, झुपकी गेली कपाशीच्या बोंडाकडे.

"बोंडबाई, बोंडबाई, फूट ना.
चरखा फिरेना,
मावशी शिवेना,
मला झोप येईना."

बोंड मिटल्या मिटल्या म्हणालं, "ऊन लागल्याशिवाय कशी फुटू? ढग सरकेल, तर मी फुटेन."

सरसर, सरसर, झुपकी चढली ताडाच्या शेंड्यावर. तिथे ढग लोळत होता. मऊ मऊ. जाड जाड.

"ढगमामा, ढगमामा, सरका ना.
बोंड फुटेना,
चरखा फिरेना,
मावशी शिवेना,
मला झोप येईना."

ढगाने जांभई दिली. "मला पाय आहेत का गं? वारा ढकलेल, तर मी सरकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, झुपकी गेली टेकडीवर. तिथे वारा पळत होता. भिरभिर, भिरभिर.

"वारेदादा, वारेदादा, थांब ना."

"थांबता येत नाही मला. बोल पळता पळता."

झुपकी पळता पळता बोलली,

"ढग सरकेना,
बोंड फुटेना,
चरखा फिरेना,
मावशी शिवेना,
मला झोप येईना."

वारा म्हणाला, "एक दुपार झोप नाही, तर एवढं? मी तर जन्मात बसलो नाही. तुझ्या गोधडीत मला जागा देशील?"

"ये की. मावशी उभे टाके घालणार आहे."

"उभे नकोत बाई. इकडून शिरलो की तिकडून बाहेर. गोल टाके घाल. कडेने निघायचं, फिरत फिरत आत यायचं, मधोमध गाठ. तिथे मी बसेन. गोल घालशील, तर मी ढकलेन."

झुपकीने आपल्या पाठीकडे पाहिलं. पट्टे किती छान. किती सरळ. मग तिने वाऱ्याकडे पाहिलं. तो नुसता पळत होता.

सौद्यात थोडं सोडावं लागतं. झुपकी म्हणाली, "बरं. गोल."

हूऽऽ. वाऱ्याने ढकललं. ढग सरकला. ऊन आलं. फट्. बोंड फुटलं. झुपकीने कापूस नेला. गर्र गर्र, चरखा फिरला. झुपकीने दोरा नेला.

"मावशी, टाके गोल घाल."

"अगं, मघाशी उभे म्हणालीस."

"आता आम्ही दोघं झोपणार आहोत."

"मग गोलच बरे," मावशी म्हणाली. टुप टुप, टुप टुप. कडेकडेने. मग आत. मग अजून आत. मधोमध गाठ.

झुपकी गोधडीखाली शिरली. वारा टाक्यांत शिरला. फिरला. अजून फिरला. हळू. अजून हळू. मधोमध आला.

बसला.

ताड हलेना. पान हलेना. झुपकीला झोप आली. वाऱ्याला झोप आली.

श्श्. हळू बोला. तो आत्ताच बसलाय.