रानी मासा चावतो

“बाबा, या खुन्याला नदीत सोडू की गटारात?”

कणगले मास्तरांनी प्लास्टिकची बादली ओट्यावर आदळली. पाणी उसळलं. तळाशी बोटभर लांबीचा, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा गर्रकन फिरला.

दस्तगीरबाबा चहा पीत होते. शेजारी कच्छकडून आलेले दोन म्हातारे फकीर. मिरजेबाहेरच्या या तकियात, फकिरांच्या मठीत, बाबांना चाळीस वर्षं झाली होती. मास्तर दहा वर्षं दर गुरुवारी येत. निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्यात नेमाचा चेला मीच, हे ते बाकीच्या चेल्यांना आठवणीनं सांगत.

“कुणाला मारलं त्यानं?” बाबांनी विचारलं.

“माझ्या दोन कुली लोच माशांना! सहा वर्षं काचेच्या टाकीत सांभाळलेले, बाबा. गांडुळासारखे लांबट, गरीब... दगडाखालून बाहेर यायचे नाहीत. यानं डोळ्यांदेखत शेपट्या कुरतडल्या त्यांच्या. आणि हाही लोचच! एकाच कुळातला म्हणून तर राहू दिला.”

“एकाच कुळातला... कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.”

“मग त्याला वाचून दाखवायचं होतंस.”

मास्तरांचे कान तापले.

“आणला कुणी?”

“सुनेनं. पर्णानं. त्रिपुराची ती. हा रानी मासा, आमच्याकडच्या नदीतला, म्हणून हरखून घेऊन आली. एक नाही, सहा!”

“बादलीत एकच दिसतोय.”

“पाच मी दुकानात परत दिले. घर आहे की मासळीबाजार? एक ठेवला, तिचं मन राखायला.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“रानी चौघापाचांत असला की आपसात भांडतो. थोरला कोण, धाकटा कोण, त्यांचं त्यांच्यात चालतं. दुसऱ्याची शेपटी ओढायला सवड नसते. एकटा ठेवलास तर...”

बाबांनी बादलीत डोकावून पाहिलं.

“आणखी पाच आण. टाकीत दगड वाढव. सगळ्यांना लपायला कपारी पाहिजेत.”

“एक खुनी आवरत नाही आणि आणखी पाच आणू?”

“पाच.”

“तुमचं वय झालं, बाबा!” मास्तरांचा आवाज चढला. “खोड मोडायची असते. वाढवायची नसते. पस्तीस वर्षं शाळा चालवलीय मी. आता घरातही तेच करणार आहे. मुलगा जहाजावर. ही दिवसभर आईशी फोनवर, बंगालीत. काय बोलते, कुणाला शिव्या देते, काही कळत नाही. मी बजावलं, या घरात मराठीच बोलायचं. फोन बंद. तर काल भाताचं ताट भिरकावलं माझ्यासमोर! उद्या तिला माहेरी पाठवतोय. मासा आज, ती उद्या.”

बाबा पाहुण्यांकडे वळले आणि कच्छीत काहीतरी म्हणाले.

मास्तरांनी बाबांना त्या भाषेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाजच निराळा झाला. बाबा मांडीवर थाप मारत होते, मधेच एकाचं वाक्य तोडून दुसऱ्याला टाळी देत होते. एका फकिरानं मास्तरांकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला. तिघं हसले.

“बाबा...”

बाबा बोलतच राहिले.

मास्तर खाकरले. बादली इकडची तिकडे केली. पुन्हा “बाबा” म्हणाले. दुसऱ्या फकिरानं बादलीकडे बोट दाखवलं, काही बोलला, आणि पुन्हा तिघं हसत सुटले. आपल्याबद्दलच चाललंय. नक्की आपल्याबद्दलच. मास्तरांच्या कपाळाची शीर उडू लागली. उठून जावं, तर बाबांसमोरून न विचारता कसं उठायचं? बसावं, तर...

“मराठी येत नाही का तुम्हाला?”

मास्तर ओरडले तेव्हा बाबांनी खाली ठेवलेला कप मास्तरांच्या हातात होता. पुढच्या क्षणी तो भिंतीवर फुटला.

हसणं थांबलं. चहाचा ओघळ भिंतीवरून खाली येत राहिला.

बाबांचे डोळे लाल झाले होते. दहा वर्षांत मास्तरांनी ते तसे पाहिले नव्हते.

“किती वेळ बसलास?”

“अर्धा तास! अर्धा तास मी इथं मूर्खासारखा...”

“सुनेला किती महिने झाले?”

“...आठ.”

“म्हणजे तुझ्याहून सोशीक आहे.”

मास्तर खाली बसले आणि कपाचे तुकडे वेचू लागले. एक बोटात घुसला. कुणी मदत केली नाही.

बऱ्याच वेळानं ते उठले. बादली उचलली, या वेळी पाणी हललं नाही.

“दुकान चारला उघडतं,” ते स्वतःशीच म्हणाले. दाराशी जाऊन पुन्हा थांबले.

“मासे आणीन. पण तिच्याशी काय बोलू, बाबा? मला तिची भाषा येत नाही.”

बाबांचा राग अजून उतरला नव्हता.

“बरं आहे,” ते म्हणाले. “आज तरी ऐकशील.”