गोदीची काळी सायकल

माळाच्या या टोकाला गोदी उंदरी राहायची. त्या टोकाला तिची आई. आई आजारी होती. गोदी रोज सायकलवरून तिला गरम पेज न्यायची.

एक दिवस ओढ्याला पूर आला. गोदीची सायकल वाहून गेली. गोदी चालत निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पण माळ केवढा! पेज गार झाली. आईने एकच घोट घेतला. गोदीला फार वाईट वाटलं.

सकाळी गोदी सायाळकाकांच्या दुकानात गेली. तिथे एक लाल सायकल होती. चकचकीत, सात गिअरची. तिला पोतंभर शेंगा लागत. गोदीने गिअर बदलून पाहिला. खट खट, कर्र. चेन पडली.

"आणि ती काळी?" गोदीने विचारलं.

"तिला गिअर नाही, काही नाही," काका म्हणाले. "पण दगडधोंड्यांतून जाते. ओंजळभर शेंगा दे आणि ने."

गोदीकडे ओंजळभरच शेंगा होत्या. "मला हीच हवी," ती म्हणाली.

"पण ती पंक्चर आहे, बाई. ट्यूब पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले की भोक सापडतं. घमेल्यात पाणीच नाही. विहिरीकडून आण."

गोदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी नाही तर पंक्चर निघेना,
आईची पेज गार होते."

"मी नाही देत," विहीर म्हणाली. "आधी बादलीला दोर आण."

गोदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"सुगरणमावशी, सुगरणमावशी, दोर वळ.
दोर नाही तर पाणी नाही,
पाणी नाही तर पंक्चर निघेना,
आईची पेज गार होते."

"मी नाही वळत," घरटं विणता विणता सुगरण पाखरू म्हणालं. "आधी अंबाडीचा वाख आण, तिच्या सालीचे धागे."

गोदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"अंबाडीताई, अंबाडीताई, वाख दे.
वाख नाही तर दोर नाही,
दोर नाही तर पाणी नाही,
पाणी नाही तर पंक्चर निघेना,
आईची पेज गार होते."

"मी नाही देत," अंबाडी म्हणाली. "शेळी मला खाते. आधी तिला हलव."

शेळी तिथेच उभी होती.

"शेळीआजी, शेळीआजी, बाजूला हो.
तू हलेना तर वाख नाही,
वाख नाही तर दोर नाही,
दोर नाही तर पाणी नाही,
पाणी नाही तर पंक्चर निघेना,
आईची पेज गार होते."

शेळी हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कशी हलू गं? पायात बाभळीचा काटा मोडलाय."

आता गोदी कुठेच गेली नाही. ती खाली बसली. इवल्या दातांत काटा धरला आणि ओढला. निघाला! गोदीने तो वाटेवर टाकला नाही. वाटेवर टाकला तर पुन्हा कुणाची तरी सायकल पंक्चर. तिने तो कुंपणात खोचला.

मग शेळी हलली.
अंबाडीने वाख दिला.
सुगरणीने दोर वळला.
विहिरीने पाणी दिलं.
काकांनी ट्यूब बुडवली. बुडबुड बुडबुड. भोक सापडलं. काकांच्या अंगावर काटेच काटे, म्हणून त्यांनी ट्यूब लांब धरली आणि ठिगळ लावलं. हवा भरली, फस् फस्.

गोदीने घरी जाऊन पेज उकळली. डबा मागे बांधला. गडगड गडगड, निघाली काळी सायकल. दगड आले. खड्डे आले. सायकल थांबली नाही.

आईने एक घोट घेतला. मग दुसरा. मग सगळी पेज प्यायली.

"गरम आहे गं," आई म्हणाली. आणि तिने गोदीला जवळ घेतलं.

सायकल टेकली दाराला,
गोष्ट आली घराला.