आडखिंडीत टाळी वाजत नाही

या, असे चिंचेच्या सावलीत या. उन्हाचे आलात, जरा टेका. फक्त त्या दगडी बैठकीवर बसू नका, खाली बसा. त्या बैठकीवर आमच्याकडं कुणी बसत नाही. मघाशी पालखीपुढं सनई चालू होती तेव्हा सगळ्या गावानं या बैठकीकडं पाठ केली होती, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. आणि या ताईंनी सनई ऐकून भान हरपून टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळे वळून त्यांच्याकडं बघायला लागले. ताई, मनाला लावून घेऊ नका. नवं माणूस चुकायचंच. आमच्या आडखिंडीत खडकाई देवीच्या पालखीपुढं टाळी वाजत नाही. कुणी वाहवा म्हणत नाही, कुणी मान डोलवत नाही. इथं सनई ऐकायची म्हणजे ओठ मिटून तिच्याखाली सूर धरायचा. पोरासोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी. ही रीत का पडली ते मी सांगतो, पण मधे बोलायचं नाही. मधे बोललं की माझं डोकं फिरतं.

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते विचारू नका, जो तो वेगळं सांगतो. बाईचं नाव मात्र सगळे एकच सांगतात. धुरपदा. सनईवाल्या हैबतीची बायको. बाई तिखट होती म्हणे. विहिरीवर तिच्या आधी घागर लावायची हिंमत पाटलीणबाईंचीही नव्हती. हैबती उलटा, गरीब गाय. घरात काय बोलायचं ते बायकोनं बोलावं आणि बाहेर काय बोलायचं ते सनईनं, असा त्याचा संसार.

आता सनईचं एक तुम्हाला सांगायला पाहिजे. सनई एकट्यानं वाजत नाही. एकजण चाल वाजवतो आणि शेजारी दुसरा नुसता एकच सूर धरून बसतो, श्वास न तोडता. ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडं जात नाही, पण तो नसेल तर पहिला उघडा पडतो. हैबतीचा सूर त्याचा धाकटा भाऊ येसू धरायचा. पण येसू दिवसभर गुरांमागं. घरी हैबती रियाजाला बसला की सूर कुणी धरायचा? बाईनं सनई तोंडाला लावायची नाही असा तेव्हाचा दंडक. मग धुरपदाच जात्यावर बसल्या बसल्या सूर धरायची. तोही ओठ मिटून, कारण तोंड उघडलं की पीठ नाकातोंडात जातं. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. घरातल्या घरात, कुणाला पत्ता नाही.

त्या काळी गावावर जहागीरदार होता. त्याचं नाव आम्ही घेत नाही, नुसतं जहागीरदार म्हणतो. चैती पुनवेला सकाळी खडकाईची पालखी उठायची, आणि ती उठायची ती एकाच चालीवर. त्या चालीला उठवणी म्हणतात. हैबतीच्या घराण्याशिवाय ती कुणाला येत नव्हती आणि देवीशिवाय ती कुणापुढं वाजत नव्हती. जहागीरदार या बैठकीवर बसायचा. उठवणी ऐकून त्यानं शेल्याचं टोक वर केलं की गावानं वाहवा म्हणायचं आणि भोयांनी पालखीला खांदा द्यायचा. त्याच्या आधी कुणी हूं की चूं करायचं नाही. शेला उठला नाही तर सनईवाल्याचा मान गेला. त्यानं सनई बैठकीपुढं ठेवायची आणि बिऱ्हाड घेऊन खिंडीपलीकडं चालतं व्हायचं. असा नियम होता, पण तशी वेळ कधी आली नव्हती.

ती आणली जहागीरदारानंच. कुठल्या तरी मोहिमेवरून तो परत आला. वेशीवर तोरणं लागली, हत्तीवर झूल चढवली, वाजंत्री बोलावली. हैबतीनं मन लावून वाजवलं. तेवढ्यात जहागीरदार म्हणाला, "हे राहू दे. उठवणी वाजव."

हैबती खाली मान घालून म्हणाला, "सरकार, दुसरं काय बी सांगा. उठवणी आईची हाय."

चार लोकांदेखत जहागीरदार हसला. म्हणाला, बरोबर आहे तुझं. पण ते हसणं ओठावरचं होतं. नाही म्हणून घ्यायची सवय नव्हती त्याला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि पुनव जवळ आली होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी दवंडी पिटली. उद्या उठवणी चालू असताना जो मान हलवील, जो हात हलवील, जो तोंडातून शब्द काढील, त्याचं घर खिंडीपलीकडं. लोक काय समजायचं ते समजले. शेला उठणार नव्हता. आणि हे कमी होतं म्हणून पुनवेच्या सकाळी शिपाई आले आणि कसली तरी चौकशी म्हणून येसूला चावडीत नेऊन कोंडलं. म्हणजे दाद नाही ती नाहीच, वर सूरसुद्धा नाही. अहो, काय म्हणायचं या माणसाला! देवीच्या दारात बसून देवीच्याच वाजंत्र्याचा गळा दाबायला निघाला.

हैबती घरात मटकन बसला. म्हणाला, "येसूबिगर कसं वाजवू, धुरपे? लोकं बी दगडावानी बसणार. सनई आत्ताच नेऊन ठेवतो त्याच्या पायाशी."

धुरपदानं भाकरी तव्यावरनं उतरवली आणि म्हणाली, "तुमी वाजवा. रडायचं ते घरी येऊन रडा."

"घर ऱ्हाईल का पन?"

त्या घराच्या भिंती तिनं स्वतः लिंपल्या होत्या, परसातला शेवगा तिनं लावला होता, तिची तान्ही लेक मागच्याच वर्षी तिथंच गेली होती आणि शेवग्याशेजारी पुरली होती. ते सगळं सोडून खिंडीपलीकडं जायची वेळ आली होती. पण तिनं लुगडं नीट केलं, नवऱ्याची सनई पुसून त्याच्या हातात दिली आणि त्याच्यापुढं चालायला लागली.

देवळापुढं सगळं गाव बसलं होतं. कधी नव्हे ती अशी शांतता. नुसते शिपाई रांगांमधून फिरत होते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. हैबतीनं देवीला हात जोडले आणि उठवणी धरली. खालचा सूर नाही म्हटल्यावर सनई थरथरायला लागली. तरी काय वाजवत होता हो तो! लोकांना बसवेना. म्हातारा कुंभार ठेका द्यायची सवय म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. पाटलांनी दात इतके आवळले होते की गालाचं हाड वर आलं होतं. बायका पदर तोंडात धरून बसल्या होत्या. आणि हैबती त्यांच्याकडं बघत होता. त्याला सगळी तोंडं मेल्यासारखी दिसत होती. वाजवणाऱ्याला समोरून काहीच आलं नाही तर त्याचं काय होतं, हे ज्यानं वाजवलंय त्यालाच विचारा. हैबतीचा श्वास तुटला. सनई मधेच गप्प झाली.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा त्यानं सनई ओठाला लावली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि तेव्हा, असं सांगतात, जहागीरदारानं जांभई दिली. चांगली तोंडभर, सगळ्यांना दिसेल अशी.

धुरपदा बायकांच्या रांगेत बसली होती. तोवर ती घराचा विचार करत होती, शेवग्याचा करत होती. ती जांभई बघितली आणि तिचं डोकं सटकलं. तिनं मान हलवली नाही. हात हलवला नाही. ओठ घट्ट मिटले आणि जात्यावर धरायची तसा सूर धरला.

हैबतीला तो ऐकू आला. तो सूर त्यानं हजारदा ऐकला होता, तो कुठून येतोय हे त्याला सांगायला नको होतं. त्याची सनई स्थिर झाली. धुरपदाचा श्वास संपत आला तेव्हा शेजारच्या कुंभारणीनं तोच सूर उचलला. तिचा संपायच्या आत पलीकडच्या माळणीनं. मग पुरुषांच्या रांगेत गेला. एकानं श्वास घ्यायचा, तोवर दुसऱ्यानं धरायचा. सगळे हात मांडीवर, माना ताठ, ओठ मिटलेले. दवंडीतलं एक अक्षर कुणी मोडलं नव्हतं. आणि देवळापुढची जमीन हळूहळू घुमायला लागली.

शिपाई गडबडले. ज्याच्यापुढं उभं राहावं तो गप्प, आणि आवाज शेजारून. शेजाऱ्याकडं वळावं तर तोही गप्प, आणि आवाज पाठीमागून. एका शिपायानं पाटलांच्या तोंडाला कान लावला. पाटील त्याच्याकडं शांतपणे बघत राहिले आणि तो पुढं गेल्यावर त्यांनी सूर धरला.

जहागीरदार उठून उभा राहिला. "कोण गुणगुणतंय? समोर या!"

कोण येणार? सगळे त्याच्याकडं बघत होते आणि सूर चालूच. त्याचं तोंड लालबुंद झालं. ओठ मिटून हे चाललंय, म्हणजे ओठ उघडले की थांबेल, असा हिशेब त्यानं केला. संतापलेल्या माणसाचा हिशेब कधी बरोबर येतो का! तो गरजला, "तोंडं उघडा! सगळ्यांनी तोंडं उघडा, आत्ताच्या आत्ता!"

सरकारचा हुकूम तो. गावानं तोंडं उघडली.

काय सांगू तुम्हाला! इतका वेळ ओठांत कोंडलेला सूर एकदम मोकळा सुटला. सगळ्या गावाचा मिळून एकच लांब 'आ'. असं म्हणतात की तो समोरच्या खिंडीत जाऊन आदळला आणि परत आला तो दुप्पट होऊन. चिंचेवरची पाखरं उडाली. देवीपुढच्या समयांच्या ज्योती आपोआप मोठ्या झाल्या म्हणे. आणि त्या आवाजावर हैबतीची सनई अशी चढली, अशी चढली की भोयांना काही कळेचना. शेला उठला की नाही हे बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. त्यांनी पालखीला खांदा दिला. जुनी माणसं सांगायची, त्या दिवशी पालखीला वजनच नव्हतं. खरं-खोटं देवीला ठाऊक.

तिकडं चावडीचं दार शिपायानं स्वतःच्या हातानं उघडलं आणि येसूबरोबर तोही सूर धरत बाहेर आला, असंही एक सांगतात. एवढं मी शपथेवर नाही सांगत. पण तसं झालं असेल तर बरंच झालं.

पालखी उठली. सगळं गाव उठून तिच्याकडं तोंड करून उभं राहिलं, म्हणजे बैठकीकडं आपोआप पाठ झाली. आता जहागीरदाराला कळलं की आपल्या हातातून गेलं. मग त्यानं घाईघाईनं शेल्याचं टोक वर केलं. उंच धरलं. कुणी बघितलं नाही. त्यानं हात आणखी उंच केला आणि ओरडला, "वाहवा! वाहवा, हैबती!" जणू ही दाद त्यानंच द्यायची होती, ही पालखी त्याच्याच मर्जीनं उठली होती.

तेव्हा तेवढी एक धुरपदा मागं वळली. सूर बाकीच्यांनी धरलेलाच होता. तिनं जहागीरदाराकडं नीट बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"बोलू नगा, सरकार," ती म्हणाली. "गाव ऐकतंय."

आणि ती पुन्हा पालखीकडं वळली.

जहागीरदाराचा हात किती वेळ वर राहिला कुणास ठाऊक. कुणी बघायला थांबलं नाही. पालखी देवळाला वळसा घालून आली तेव्हा बैठक रिकामी होती. त्यानं कुणाला शिक्षा केली नाही. करणार तरी कुणाला? अख्खं गाव खिंडीपलीकडं घालवलं असतं तर जहागिरी दगडांवर करायची होती का? हैबतीचं घर तिथंच राहिलं, शेवगाही राहिला. जहागीरदार पुन्हा पुनवेला आला नाही.

आजही चैती पुनवेला उठवणी सुरू झाली की आधी बायकांच्या रांगेतून सूर निघतो, मग पुरुष धरतात, आणि पालखी उठायच्या वेळी सगळे तोंड उघडतात. लग्न होऊन आलेल्या सुनेला आम्ही स्वयंपाक येतो का विचारत नाही, सूर येतो का विचारतो. मागल्या खेपेला एक मोठे साहेब आले होते. मोठा मंडप, हारतुरे, माइक. उठवणी रंगात आली आणि मंडपवाल्यानं माइकवरून सांगितलं, "ग्रामस्थांना विनंती, साहेबांना पुढं कार्यक्रम आहे. सनई थांबवा आणि साहेब बोलेपर्यंत सगळ्यांनी तोंड बंद ठेवा."

आम्ही तोंड बंद ठेवलं.

साहेबांचं भाषण अजून व्हायचंय.